इतिवृत्तात न आलेलं

इतिवृत्तात खोकला लिहीत नाहीत.
हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं.
हुंदका नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज नाही;
ठराव, सूचक, अनुमोदक, मतं. बास.

म्हणून नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी
पोर्टकेनीच्या नगर परिषदेत,
समुद्र खिडक्यांच्या काचांना मीठ चोळत असताना,
मी एवढंच लिहिलं :
'विषय क्रमांक सात. सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न.
आपल्या शहरात प्रयोग व्हावा, यास पाठिंबा.
सूचक : श्रीमती मोराग ऑखटरलोनी.'

मोरागबाईंनी तीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये बटाटे वाढले.
त्यांनी आकडे आणले नव्हते, एक वही आणली होती :
ज्या पोरांच्या जेवणाचे पैसे त्यांनी पदरचे भरले, त्यांची.
नावं खोडलेली. रकमा तशाच.
"ही पोरं आता आईबाप झालीत," त्या म्हणाल्या,
"आणि हीच नावं फूड बँकेच्या यादीत आहेत.
वही करून बघितली, यादी करून बघितली.
आता पैसे देऊन बघू या."

मर्डो लेनी उठले.
जाळी आणि दोरखंडाचं दुकान, तिसरी पिढी.
"सगळ्यांना, दरमहा, काहीही न विचारता?
मग पहाटे चारला मासळी कोण साफ करणार?"
माणूस वाईट नव्हे.
त्यांच्या दुकानातली उधारी कागदावर चढत नाही,
हे अख्ख्या बंदराला ठाऊक.

मागच्या बाकावर इशबेल गेडीस बसली होती,
जी पहाटे चारला मासळी साफ करते.
तिनं हात वर केला. अध्यक्षांनी नियम दाखवला :
प्रेक्षकांना बोलता येत नाही.
तिच्या बाहीतला हॅडॉकचा वास मात्र
परवानगी न घेता बाकांवरून पुढे सरकला,
थेट मर्डोंच्या कोटापर्यंत.
वासही लिहीत नाहीत.

आम्ही एकाच जिन्यावर राहतो, म्हणून मला माहीत आहे.
गेल्या मार्चमध्ये तिची बस चुकली,
कचेरीत नऊ मिनिटं उशीर,
भत्ता चार आठवडे बंद.
नऊ मिनिटांचे चार आठवडे,
हा पाढा कुठल्या शाळेत शिकवतात?
विजेचं कार्ड संपलं की तिचा मुलगा, कॅलम,
माझ्या स्वयंपाकघरात अभ्यासाला यायचा,
आणि जाताना माझ्या खिडक्या पुसून जायचा.
नको म्हटलं तरी.
अकरा वर्षांचा. फुकटाचं नको म्हणून.

एकदा मी इशबेलला विचारलं,
असे पैसे खरंच आले तर काय करशील?
वाटलं, सुट्टी म्हणेल, नवा कोट म्हणेल.
ती म्हणाली, "नाही म्हणेन."
"कशाला?"
"ते अजून ठरवलं नाही.
आधी नाही म्हणता तर येऊ दे."

चौदा विरुद्ध अकरा. ठराव मंजूर.
त्या रात्री कुणाच्याही हातावर एक पेनी पडली नाही,
कारण परिषदेकडे तिजोरी नाही, कायदा नाही;
परिषदेकडे आहे फक्त पत्र.
ते मीच टाइप केलं.
'आमच्यावर प्रयोग करा' अशा अर्थाचं,
जरा सभ्य शब्दांत.
औषध हवं असेल तर आधी
स्वतःची उंदीर म्हणून नोंदणी करायची,
तीही अर्ज करून, वाट बघत.

उत्तर फेब्रुवारीत आलं. दोन ओळी.
'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.'
नोंद घेणं हा माझाच धंदा;
नोंदीत काय काय मावत नाही,
ते मला सांगायला नको.

उदाहरणार्थ, त्या रात्री सभा संपल्यावर
मर्डोंनी इशबेलसाठी दार धरून ठेवलं
आणि खालच्या आवाजात विचारलं,
"खरं सांग, सोडशील का ग मासळी?"
ती म्हणाली, "मजुरी वाढवून बघा की."
मग दोघंही हसले.
वारा एवढा होता बाहेर,
आधी कोण हसलं ते मी खात्रीने लिहू शकत नाही.