दोन बाय दीड

रामा आणि मोरपंखी
ट्यूबलाईटखाली सख्ख्या बहिणी दिसतात.
पाचपावलीच्या या माळ्यावर, कवेलूंच्या पोटाशी,
मान वाकवून बसलेली मी
एकोणीस वर्षं त्यांची गल्लत करत आले.
गिऱ्हाईक ब्लाऊज अंगणात नेऊन उलगडतं
आणि उन्हात दोरा बोंबलतो.
उसवा. परत घाला.
त्या शिलाईचे पैसे कोण देतं?

म्हणून रियाझला बोलावलं.
त्यानं टेपचं टोक बल्लीला अडकवलं,
दात कोरत बराच वेळ वर पाहिलं.
"ताई, उजेड फुकट हाय.
भोक पाडाचे पैसे लागते."
साडेसहा हजार म्हणाला. मी साडेपाच.
तो हसला, आणि माझ्याच खडूनं
भिंतीवर माप लिहिलं: दोन बाय दीड.
ते अजून पुसलेलं नाही.

चिठ्ठी मशीनच्या खणात आहे, बॉबिनांखाली.
लोखंडी अँगलची चौकट, इतवारीतून, अठ्ठावीसशे.
काच आठ एमेमची, टफन,
"साधी टाकली तं मार्चातल्या गारा फोडते",
एकतीसशे पन्नास.
मजुरी दोघांची, दोन दिवस, सव्वीसशे.
सिलिकॉन आणि पत्र्याची झालर सहाशे चाळीस.
ई-रिक्षा दोनशे.
चार वेळा तर्री पोहे, एकशे साठ.
कवेलू फुटले चौदा. बुधराम नऊच म्हणत होता,
मी तुकडे जुळवून दाखवले.
तसे आता कोणी करत नाही,
तांडापेठेत पाडलेल्या घराचे आणले, वीस रुपयाला एक,
थोडे काळे आहेत, वरून ठिगळासारखे दिसतात.
ठिगळाचं मला काही वाटत नाही.
एकूण नऊ हजार आठशे तीस.
म्हणजे बिनअस्तराचे पंचावन्न ब्लाऊज, बाह्यांसकट.
सत्तर रुपये उरतात.

चिठ्ठीत ईश्वर नाही.
गोदामावरची रात्रपाळी करून
सकाळी आठला तो इथेच येऊन झोपायचा,
कापडाच्या गठ्ठ्यांमागे, माझ्या खडखडाटात.
माळ्यातला अंधार त्याचा होता.
काच बसली त्या सकाळी तो वर आला,
एकदा वर पाहिलं,
उशी काखेत मारून खाली गेला.
आता स्वयंपाकघराला लागून झोपतो, कुकरच्या शिट्ट्यांत.
बोलला काहीच नाही.
बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

पहिल्या दिवशी मी काम केलं नाही.
रिळांचा डबा त्या चौकोनात ठेवला
आणि रंग वेगळे केले, डाळ निवडावी तसे.
सत्तावीसची एकतीस झाली.
मग पेटीतून दामिनीच्या साक्षगंधाचा ब्लाऊज काढला,
भंडाऱ्याला जाताना ती विसरून गेलेली.
की ठेवून गेलेली?
मोरपंखी कापड.
गळ्यापासून काखेपर्यंत, सगळीकडे, रामा दोरा.
तो घालून ती दोनशे माणसांत बसली होती.
फोटोंत हसते आहे.
मी शिवलेलं आहे म्हणून
तिनं मला एका शब्दानं सांगितलं नाही.

मे लागला.
दुपारी मशीनचं चाक हाताला चटका देतं,
खडू बोटांत मऊ पडतो.
शेजारच्या हेडाऊ काकू गच्चीवरून म्हणाल्या,
"नागपुरात लोकं उजेड झाकाले पैसे देते,
तू आणाले दिले, बाप्पा!"
नवतपा सुरू व्हायच्या आत
हिरवी नेट आणली. साडेतीनशे.
उरलेले सत्तर त्यात गेले,
आणखी दोन ब्लाऊज लागले वरून.

रियाझनं ठोकून दिली, पैसे घेतले नाहीत.
"पुरी झाकू?"
नको म्हटलं.
डब्यावर येईल एवढी, एक वीत, उघडी ठेव.

त्या वितेत बसून
मी आता दामिनीचा ब्लाऊज उसवते आहे.
टाका टाका दिसतो.