रकाना : इतर

सोसायटीच्या वहीत चार रकाने आहेत.
कटला, रोहू, मृगळ, इतर.
रेघा मीच मारल्या, तांबड्या शाईनं,
एकोणीस वर्षं तशाच मारतोय.
इतर म्हणजे मरळ, वाम, शिंगाडा,
पुरानंतर एखादी चप्पलसुद्धा,
पण ती वजनात धरत नाही.

परवा सुबराव भोयानं काट्यावर टाकला
तो पावणेतीन किलोचा.
डोकं कटल्याकडचं, पण कटल्याएवढं अंगावर येणारं नाही.
ओठांना रोहूची झालर.
खवल्यांवर रोहूची तांबूस झाक,
पाठीवरचा पंख मात्र
कुणाच्या तरी मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखा.
कटल्याचं तोंड वर बघतं, रोहूचं खाली.
हा सरळ समोर बघत होता,
म्हणजे माझ्याकडं.

"लिवा की सायेब," सुबराव म्हणाला,
"बरफ इतळाय लागलाय."

विद्यापीठाची तमन्ना मुजावर दर बुधवारी येते.
फूटपट्टी, चिमटा, पिशवीभर इवल्या बाटल्या.
पंखाचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटमध्ये टाकते,
बाटलीवर तारीख घालते, नाव घालत नाही.
तिनं सांगितलं ते असं:
कटला वरच्या मजल्यावर राहतो,
रोहू मधल्या,
मृगळ तळमजल्याला गाळ चिवडत.
जिना नाही. जाणं-येणं नाही.
मग एखाद्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर
पाणी त्रेचाळीस फुटांच्या वर जातं
आणि मजलेच राहत नाहीत.
उसाच्या सरीत गुडघाभर गढूळ,
तिथं कटल्याची मादी अंडी सोडते,
हातभर लांब रोहूचा नर.
सगळं सुटं, सगळं उघड्यावर,
पाणी ज्याचं त्याला नेऊन देतंच असं नाही.

"म्हणजे हा चुकून झाला?"
तिनं चिमट्यानं झालर उचलून पाहिली.
"चुकून पावणेतीन किलो होतं का, काका?"
मग जरा गप्प राहून म्हणाली,
काळजी मला वेगळीच आहे.
असंच होत राहिलं तर उद्या
निव्वळ रोहू दाखव म्हटल्यावर
मी कुठला दाखवू?

मी काही बोललो नाही.
निव्वळ रोहू तरी इथला कुठं होता?
आधीच्या सेक्रेटरीनं टेम्पोतून आणला,
ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, बोटाएवढा,
पावती अजून फायलीला आहे.
मीही सांगलीकडचा.
शाळेच्या दाखल्यावर माझ्याही एका रकान्यात
मास्तरांनी आधी एक लिहिलं,
मग खोडून दुसरं.
खोडलेलं अजून वाचता येतं.

रविवारी चिखलीला गेलो, प्रयागावर.
कामच होतं, जाळ्याचा हिशेब.
उन्हात उभं राहून बघितलं तर
एक पाणी तांबूस, एक हिरवट,
थोडं अंतर दोघं एकमेकांना न शिवता चालतात,
नंतर बोट दाखवता येत नाही.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती,
आणि पाचवी, जी कुणी पाहिलेली नाही.
पाचवीचा रकाना
आपण नुसत्या विश्वासावर भरतो.

वहीत मी वजन लिहिलं.
रकाना रात्री ठरवू म्हटलं, आणि राहिलं.
ऑडिटर विचारेल मार्चमध्ये.
त्या पानाला एक खवला चिकटून वाळलाय,
काढायला गेलो तर कागद निघतोय.

मासा त्याच सकाळी लक्ष्मीपुरीत गेला.
एक बाई बराच वेळ बघत उभी होती,
पिशवीत कोथिंबीर, हातात सुट्टे पैसे.
"रोहू हाय का कटला?"
सुबरावनं सुरी दगडावर दोनदा ओढली.
"मासा हाय, वैनी. ताजा हाय.
मुंडी ठेवू का काढू?"
"ठेव," ती म्हणाली, "कालवणाला हुतीय."