बाब क्रमांक सहा

त्या खोलीत मी बोलायचं नव्हतं.
मी फक्त लिहायचं: घेण्यात आली, करण्यात आली,
ठरवण्यात आले. कर्ता नसलेली वाक्यं,
कुणीच न केलेल्या गोष्टींची.

लंडन, नदीपासून दोन गल्ल्या आत, चौथा मजला.
रेडिएटर ठोके द्यायचा, आत कुणी अडकल्यासारखा.
टेबलाभोवती अकरा सदस्य, त्यांतल्या तिघांचं आयुष्य
मेंदूच्या चकत्या काचपट्टीवर चढवण्यात गेलेलं.
डॉ. पेनहॅलो प्रथिनाबद्दल सांगताना
कागदी रुमाल उचलायचे,
एक घडी सरळ घालायचे, दुसरी मुद्दाम तिरकी.
'झालं. आता शेजारच्यालाही तशीच घडी पडते,
आणि त्याच्या शेजारच्याला.'
मग रुमाल तिथेच राहायचा, बिस्किटांजवळ,
जाताना तो मीच उचलायचे.

बाराव्या खुर्चीवर मिसेस ग्वेनलियन प्रॉसर,
वेल्समधून, पहाटेच्या गाडीनं.
यादीत नावापुढे: सामान्य सदस्य.
मुलगा येस्टिन, एकोणीस वर्षांचा, सुताराकडे शिकाऊ.
आधी पायऱ्या चुकू लागला, मग नावं,
मग चमचा कशासाठी असतो ते.
चौदा महिने.

बाब क्रमांक सहा:
मंत्र्यांना कळवायच्या वाक्यातलं एक विशेषण.
जोखीम अत्यल्प, की नगण्य?
पाऊण तास गेला.
खात्याचा माणूस म्हणाला, अत्यल्प म्हणजे काहीतरी आहे,
आणि काहीतरी आहे म्हटलं की उद्या गुरांचा बाजार बसला.
कुणी म्हणालं, आकडा शून्याच्या अगदी जवळचा.
पेनहॅलो म्हणाले, शून्याच्या जवळ वस्ती किती आहे
हेच तर आपल्याला माहीत नाही.
(हे नोंदीतून वगळावे, असं मला खुणावण्यात आलं.
म्हणजे सर डेन्झिलनी खुणावलं. अध्यक्षांनी.)
चहा आला, दुधाचा. सगळ्यांनी घेतला.

मिसेस प्रॉसर पिशवी चाचपत होत्या.
मला वाटलं, फोटो. फोटो मी पुष्कळ पाहिलेत,
टेबलावरून हातोहात फिरतात
आणि पालथे परत येतात.
त्यांनी काढली सुतारी पेन्सिल,
चपटी, एका टोकाला दातांचे वण.
ती समोर ठेवून म्हणाल्या,
'नगण्य म्हणजे गणतीत न येणारा, ना?
मला एक मोजता येतो.
तुम्हाला कितीपासून जमतं?'

रेडिएटर तेवढा बोलला.
सर डेन्झिल म्हणाले, आम्ही आपले आभारी आहोत.
मी लिहिलं:
सामान्य सदस्यांनी आपले मत मांडले.
नोंद घेण्यात आली.

शेवटी दोन्ही शब्द गळाले.
वाक्य गेलं ते असं:
सध्याच्या माहितीनुसार चिंतेचे कारण दिसत नाही.
कुणाला दिसत नाही, ते त्यात नव्हतं.

लिफ्टपाशी त्यांनी मला गाठलं.
'माझं काय लिहिलंत?'
मसुदा दाखवायचा नसतो. मी दाखवला.
त्यांनी चष्मा न लावताच वाचला, कागद लांब धरून,
मग भिंतीला टेकवला
आणि त्या चपट्या पेन्सिलीनं
'नोंद घेण्यात आली'च्या शेजारी, समासात,
जाड अक्षरात लिहिलं: कुणी?
गाडी चुकेल म्हणून जिन्यानंच उतरल्या.

छापील प्रतीत समास कोरा आहे.
तीस वर्षांनी दप्तरं खुली झाली तेव्हा
पत्रकार आले, विद्यार्थी आले,
त्यांना ती प्रत मिळाली, स्वच्छ, सहीशिक्क्याची.

मसुदा दप्तरात नाही.
तो कोटाच्या अस्तरात घालून मी बाहेर आणला.
मी आणला. नियमाविरुद्ध, त्याच संध्याकाळी.
इथे कपाटात आहे, पलंगपोसांखाली,
घडी न घालता ठेवलेला.
पेन्सिल थोडी फिकटलीय.
प्रश्नचिन्हाचा टिंब अजून बोटाला लागतो.