बावन्न पौंड

गोकुळपेठेत चष्म्याच्या दुकानावर माझी सहा बाय आठची खोली.
तिच्यात तांत ओढायचं यंत्र, आणि कूलर.
दोन्ही एकदम लावले की फ्यूज जातो,
म्हणून गिऱ्हाईक आलं की मी घामात.

त्या मार्चात रामनगरच्या कोर्टांवर
पंधरा हजार डॉलरची स्पर्धा होती.
तो जिना चढून आला, कानाच्या पाळ्या भाजलेल्या,
खांद्यावर तीन रॅकेटी, एका बुटाची टाच चिकटपट्टीनं धरलेली.
बावन्न पौंड, म्हणाला.
मी म्हटलं, आमच्या उन्हात चेंडू उडतो बाबू, चोपन्न कर.
हसला. बावन्नच.

वहीत आहे अजून:
एलिस प्रिचर्ड, तीन रॅकेट, बावन्न. पैसे मिळाले.
दुसऱ्या दिवशी पात्रता फेरीतच गेला, सहा-चार, सहा-चार.
नेमक्या वेळचे सगळे चेंडू
वीतभर बाहेर.

तेव्हापासून मी त्याच्या मागावर आहे.
जगात एक हजार दोनशे सोळावा.
मोनास्तिर, अंताल्या, मग थंडीत त्याच्याच देशात सन्डरलंड,
छपराखाली, एकच कॅमेरा, एकच प्रेक्षक:
पुढच्या मॅचवाल्या पोराची आई, स्वेटर विणत.
बहुतेकदा कॅमेराही नसतो. नुसते आकडे.
पंधरा-तीस. तीस-तीस.
आकडा अडला की समजायचं, टॉवेल घेतोय,
नाहीतर आपलं नेट गेलं,
नाहीतर रडतोय.

यामिनी कूस बदलते. "काऊन जागून राहिले जी?
जावई हाय का तो तुमचा?"

भिंतीवर आजोबा आहेत.
बेचाळीसात अकरा महिने इथल्याच सेंट्रल जेलात होते.
खाली त्यांचा नातू रात्री दीड वाजता
इंग्रजाची सर्व्हिस तुटू नये म्हणून श्वास धरून.
तो वेल्सचा आहे, इंग्रज नाही, असं मी एकदा फोटोला सांगून पाहिलं.
फोटोला फरक पडला नाही.

त्याच्यामागोमाग बाकीचेही ओळखीचे झाले.
हॅरिएट कॉसग्रोव्ह, मनगटाचं दुखणं, दर तिसऱ्या स्पर्धेत माघार.
डनमोर बंधू, दुहेरीत कायम दुसऱ्या फेरीपर्यंत.
पहिल्या फेरीत हरलं तर दीडेकशे डॉलर,
आणि विमान आपल्या खिशातून.
हे कळल्यावर मला त्याच्याकडून घेतलेले नऊशे रुपये आठवतात.

मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांच्या रात्री, तो जिंकला.
खरंच. अख्खी स्पर्धा. तिसऱ्या सेटमध्ये दोन-पाचवरून.
सकाळी पोहेवाल्याला म्हटलं, जास्तीची तर्री टाक, आपला पोरगा जिंकला.
"कोणता पोरगा? धाकटा?"
मी हो म्हटलं.
पाचशे अठ्ठ्याऐंशी. त्याहून वर तो कधी गेला नाही.

सप्टेंबरात एका आकड्यापुढे इंग्रजी तीन अक्षरं आली: अर्ध्यात सोडली.
खांदा असेल. पैसे असतील.
मग आठवडाभर नाव नाही. महिनाभर.
यादीत तो खाली घसरत राहिला, न खेळता,
जसा बंद घड्याळातही वेळ जातो,
आणि एका सोमवारी यादीच त्याच्याआधी संपली.

यंदा पुन्हा मार्च.
एकोणीस वर्षांचा एक पोरगा जिना चढला, लीड्सचा, सोबत आई.
पन्नास, म्हणाला.
मी मान डोलावली, कूलर बंद केला,
आणि काटा बावन्नावर नेला.
न विचारता. आई माझ्याच वहीनं वारा घेत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून पाहायला गेलो.
हरला.
एकही चेंडू बाहेर गेला नाही.
सगळे जाळ्यात.

रात्री यादी उघडली. तेराशे अठ्ठ्याहत्तरावा.
पुढचा आठवडा, हेराक्लिओन.
यामिनी म्हणाली, "आता हा कोण?"