सव्वा गुंज

गुजरीतलं आमचं दुकान दीड खणाचं,
मागे पत्र्याची खोली. तिला आई म्हणायची, ‘माझी सवत.’
तिथे अण्णा रात्री पारा मारायचे.

मारायचे म्हणजे घोटायचे. लिंबाच्या रसात, मग कोरफडीत,
मग विटेच्या भुकटीत, चुलीवरच्या काजळीत.
मोडीतल्या एका बाडात अठरा पायऱ्या होत्या,
आठवीनंतरची पानं कसरीने खाल्लेली.
‘जिवंत आहे तोवर पळतो,’ ते सांगायचे, ‘मेला की थांबतो.
थांबला की तांब्याचं सोनं करतो,
आणि मग माणसाचं.’
माणसाचं सोनं म्हणजे नक्की काय
हे मला विचारायचं होतं. पण भाता माझ्या हाती होता,
आणि भात्यावरच्या पोराने बोलायचं नसतं.

काचेच्या कुपीला सात कापडमाती,
वाळूत पुरून तीन दिवस आच.
फोडली की गळ्याशी काहीतरी तांबडंलाल धरलेलं,
इतकं देखणं की आम्ही दोघंही गप्प.
आई दारातून बघायची :
‘कुंकवाला तरी चालंल काय हो?’

दिवसा अण्णा साधे सोनार.
साजाची पानं ठोकायची, जाव मणी ओवायचे,
फुंकणीने गाल दुखवून घ्यायचे.

दर शनिवारी, फळ्या निघायच्या आत,
जैतूनबी झारेकरीण यायची. घमेलं, पत्र्याची खरवडणी.
आमच्या उंबऱ्याखालची गटार उपसायची :
कोळसा, केस, पानाच्या पिचकाऱ्या,
आम्ही हात धुतलेलं पाणी.
घरी नेऊन धुवायची, धुवायची,
उरलेल्या मूठभर काळ्या चिखलात पारा ओतून
तळव्याने मळायची.
पारा सोनं तेवढं उचलतो,
बाकी कुणाला ओळख देत नाही.
मग खापरावर त्याला उडवून लावायची,
अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून.
मागे मोहरीएवढं पिवळं.

विकायला आमच्याकडेच. अण्णा कसोटीवर ओढायचे,
बराच वेळ ती रेघ बघत बसायचे.
एकदा म्हणाले, ‘जैतूनबी, कुठलं बाड वाचलंस गं?’
ती हसली. हिरड्या निळसर, हाताला कंप.
‘आमाला कुठं बनवाया येतंय दादा.
हाय ते सापडतंय, एवढंच.’
त्या रात्री भाता पेटला नाही.
दुसऱ्या रात्री पेटला.

आता दुकानात टंच काढायचं मशीन आहे.
अंगठी ठेवा, झाकण लावा, आकडा वाचा.
बाड मी रद्दीत घातलं नाही,
वाचलंही नाही.

अण्णा भर वैशाखात गेले. ओठांवर तुळस,
जिभेखाली सोन्याचा मणी, मीच ओतलेला,
सव्वा गुंज, बावीस कॅरेट.
तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर अस्थी भरल्या,
राख पाण्यात सोडली.
घाटाच्या जरा खाली, गुडघाभर पाण्यात,
जैतूनबीची सून चाळण घेऊन उभी होती.
तिने मान खाली घातली.
मीही ओळख दिली नाही.

पंधरा दिवसांनी ती दुकानात आली, पुडी सोडली.
मणी आता मणी नव्हता, वेडीवाकडी गोळी.
काटा सव्वा गुंजेच्या केसभर अलीकडे थांबला,
मशीनने बावीस कॅरेट सांगितलं.
कुठलं, हे विचारायची रीत आमच्यात नाही.
मी त्या दिवसाच्या भावाने पैसे मोजले.
‘घट धरा की दादा,’ ती म्हणाली, ‘नेहमीसारखी.’
मी धरली.

मोडीच्या सोन्याबरोबर गोळी मुशीत टाकली.
क्षणभर वेगळी दिसली, मग दिसेना.
त्या आठवड्यात मुरगूडच्या एका पोरीचा साज होता.
एकवीस पानांतल्या कुठल्या पानात काय गेलं
ते मशीनला विचारून उपयोग नव्हता.

‘सोनं नवंच हाय न्हवं?’ पोरीच्या आईने विचारलं.
मी बिल लिहीत होतो.