इतर, असल्यास लिहा

मुखेड तालुक्यातली सतरा गावं माझी.
टॅब प्रकल्पाचा, चार्जर माझा,
पेट्रोलचे पैसे तोटावार सर पुढच्या महिन्यात देणार आहेत
असं गेल्या महिन्यात म्हणाले.

प्रश्न एकशे बारा.
लांबच्या एका बँकेत जन्मले ते, इंग्रजीत,
दिल्लीत हिंदी झाले, पुण्यात मराठी,
चौत्राबाईच्या ओट्यावर येईस्तोवर
त्यांना धाप लागलेली.

‘माहिती तंत्रज्ञानामुळे आपल्या निर्णयक्षमतेत वाढ झाली का?
होय. नाही. सांगता येत नाही.’

चौत्राबाई शेंगा फोडत होती.
“निर्णय तर मी कव्हाच घेतला, माय.
त्याला म्हणलं, तू तिकडं, मी हिकडं.
मोबाईल कुठं व्हता तव्हा?
हे कशात लिवायलीस?”

कशातच बसेना.
‘इतर’वर बोट ठेवलं.
इतरला जागा चाळीस अक्षरांची,
आणि यंत्र मोजतं वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी,
अनुस्वाराच्या टिंबालासुद्धा अख्खं भाडं.

नवऱ्याला सोडलं तेव्हा मोबाईल गावात नव्हत

शेवटचा काना बाहेर राहिला.

“पैका कुणाचा ह्यो?”
कर्जाचा, मावशी. सरकारनं काढलंय. पस्तीस वर्षं फेडायचं.
तिनं सुपातला खडा बाजूला टाकला.
“मंग माझा अंगठा कुठं घेतला?”
हा एकशे तेरावा. फॉर्ममध्ये नाही.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर,
शिडीच्या सातव्या पायरीला.
टाकी आधीच्या एका प्रकल्पाची,
तिच्यावर निळ्या रंगात दुसऱ्याच बँकेचं पुसट नाव.
तिच्यात पाणी कधी चढलं नाही.
मी चढते.
एका हातानं गज धरून दुसरा हात आभाळात,
गोल फिरत राहतो,
खाली पोरं ओरडतात, गेलं का, गेलं का?

गेलं.

दिवाळीनंतर सरांनी अहवाल पाठवला ग्रुपवर.
पान नऊ, रंगीत चकती.
हिरव्यात ‘होय’, बासष्ट टक्के.
मी तर एवढे होय भरले नव्हते.
कडेला ‘इतर’ची राखाडी फाक,
चिंचोक्याएवढी.

मी दोन बोटांनी ती मोठी करत गेले,
मोठी, अजून मोठी,
नुसता राखाडी रंग फाटत गेला चौकोनांत.
वाटलं, एखादं टरफल तरी दिसेल.

पेट्रोलचं विचारायचं राहूनच गेलं.