कारणाचा रकाना

रात्री दोन चाळीसला खिडकीतून फॉर्म सरकला.
खाट नऊ. वजन चौसष्ट.
अक्षर डॉक्टर खलफानचं,
आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द :
संशय.

सोहारमध्ये ऑगस्ट म्हणजे
काचेला बाहेरून घाम फुटतो.
मागच्या इमारतीचं बांधकाम कुणी थांबवलं नाही,
तिची धूळ गाळण्या चुकवून आत येते.
धुळीतून काय येतं ते मला विचारू नका,
मी कुप्या मोजते.

फ्रिजमध्ये अकरा.
खाट तीनच्या बाईंच्या डोळ्यात बुरशी सिद्ध झालीय,
त्यांच्या वेगळ्या, मागच्या फळीवर.
त्या या अकरांत नाहीत.
नाहीत, असं मी ठरवलंय.

आई लोणच्याची बरणी उघडायची,
वर पांढरा बुरा दिसला की
चमच्यानं अलगद काढायची,
खालचं चांगलं आहे गं, म्हणायची.
छातीत चमचा कुठून घालायचा?
एक्स-रेत पांढरं दिसतं,
ते विषाणूचं की बुरशीचं
एक्स-रे सांगत नाही.
नमुना मस्कतला गेलाय. चार दिवस.

पहिल्या लाटेत आम्ही सगळ्यांनाच देत होतो.
व्हेंटिलेटर लागला की स्टिरॉइड, अँटिबायोटिक,
आणि वरून हे,
नैवेद्यावर तुळशीचं पान ठेवावं तसं.
नंतर मी वही काढून बसले.
दिलं एकशे सहा जणांना.
सापडली नऊ जणांत.
उरलेल्यांत नव्हतीच,
की आम्ही शोधली नाही,
वहीत दोन्हींसाठी एकच शून्य आहे.

म्हणून हा फॉर्म. रकाना मीच आखलेला.

फोन लावते. संशय कशावरून, डॉक्टर?
पलीकडे यंत्राचा श्वास, मग त्यांचा.
"तापाचा सातवा दिवस. साखर चारशे.
आणि चितगावहून त्याचा भाऊ रोज फोन करतो.
हे शेवटचंही लिहू?"

नका लिहू, म्हटलं.

चौसष्ट किलोला दिवसाच्या चार कुप्या.
अकराला चारानं भागलं : पावणेतीन दिवस.
अहवाल चार दिवसांनी.
मूत्रपिंडं आधीच दमलेली,
औषध त्यांच्याकडूनही आपला हप्ता घेणार.

चार काढल्या. हातमोज्यातूनही गार लागल्या.
मारिसेल घ्यायला आली, तिच्या नाकावर मास्कचा वळ,
काही बोलली नाही, सही केली, पळाली.
संशयच्या पुढे मी पेन्सिलीनं लिहिलं :
उद्या पुन्हा विचारणे.

उद्या विचारलं. परवाही.
तेरवा फ्रिजमध्ये तीन होत्या
आणि विचारायला खाट नऊवर कुणी नव्हतं.

अहवाल पाचव्या दिवशी आला.
नमुना अपुरा, पुन्हा पाठवावा.
तोवर खाट नऊवर वजन एकाहत्तर.
नवा फॉर्म, नवं अक्षर,
कारणाचा रकाना कोरा.

मी तो परत पाठवला.
मग स्वतःच जिना चढून वर गेले.